हेलसिंकीच्या आधीचे खाशाबा

दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी, बेळगोळला होतो. म्हैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही इथे राहतो. आजोबा मूळचे कराडजवळचे. त्यामुळे घरात मराठी, दाराबाहेर कानडी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी असे माझे चालते.

नवरात्रात म्हैसूरला कुस्त्यांचे मैदान भरते. म्हैसूरमध्ये तालमीला गरडी मने म्हणतात आणि तिथे कुस्तीचा नाद आपल्या कोल्हापूरसारखाच जुना आहे. या वर्षी आजोबा मला कुस्त्या बघायला घेऊन गेले. एका जोडीत एक मल्ल चांगला धिप्पाड होता, मान जाड, दंड भरलेले. दुसरा अंगाने बारीक आणि बुटका होता. दोघांनी अंगाला माती लावून हात मिळवायच्या आतच आमच्या आजूबाजूच्या लोकांनी निकाल लावून टाकला होता. मीही लावला. मी शाळेत दोन वर्षे बॉक्सिंग करतो, त्यामुळे नुसत्या अंगावरून माणूस ओळखता येतो अशी माझी समजूत होती. मी आजोबांना धिप्पाड मल्लाचे नाव सांगितले आणि थोड्याच वेळात त्यानेच दुसऱ्याला चितपट केले. मला फार बरे वाटले.

परत येताना बसमध्ये आजोबांनी विचारले की, तुला आधीच कसे कळले? मी म्हटले, बघूनच कळते. त्यावर त्यांनी त्यांच्या लहानपणीची गोष्ट सांगितली. ते पाच-सहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून एक मिरवणूक दाखवली होती. बैलगाड्यांची रांग संपतच नव्हती. पुढे गळ्यात हार घातलेला एक माणूस होता, आणि तो इतका साधा दिसत होता की हाच तो पैलवान हे आजोबांना दोनदा सांगावे लागले. तो माणूस म्हणजे खाशाबा जाधव.

मी म्हणालो, पण आज तर मोठाच जिंकला. आजोबा म्हणाले की बहुतेक वेळा मोठाच जिंकतो, आणि म्हणूनच लोक नीट बघायचे सोडून देतात.

हे ऐकून मी गप्प बसलो, कारण सुट्टीवर येण्याआधी मी शाळेत एक यादी करून आलो होतो. त्या यादीबद्दल शेवटी सांगतो. आधी खाशाबांबद्दल.

खाशाबांना ऑलिंपिकमध्ये पदक मिळाले हे आपल्या सर्वांना माहीत आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत ते येते. स्वतंत्र भारताला वैयक्तिक पदक मिळवून देणारे ते पहिले खेळाडू. पण सुट्टीत मी त्यांच्याबद्दल जे वाचले, त्यात मला पदकापेक्षा पदकाच्या आधीची वर्षे महत्त्वाची वाटली. तेव्हा लोक त्यांच्याकडे कसे बघत होते? कोणाला ते जिंकतील असे वाटत होते आणि कोणाला नाही?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील स्वतः पैलवान होते आणि त्यांनीच मुलाला अगदी लहानपणी मातीत उतरवले. तेव्हा आपल्याकडे गावोगावी यात्रेला कुस्त्यांचा फड भरत असे आणि हलगी वाजायला लागली की पोरे घरातून पळत सुटत. खाशाबांचे बालपण त्यातच गेले. पुढे ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. १९४२ च्या चळवळीचे ते दिवस होते. सातारा जिल्हा तेव्हा पेटलेला होता. खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा द्यायला आणि पत्रके वाटायला मदत केली.

शाळा संपल्यावर ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी तिथे खासबाग मैदान बांधले, ते १९१२ मध्ये तयार झाले. हजारो लोक चारी बाजूंनी बसतात आणि मधल्या हौद्यातली कुस्ती प्रत्येकाला दिसते. देशभरातले नामांकित मल्ल तिथे लढून गेले. अशा गावात लोकांची नजर तयार असणार हे उघड आहे. पण तीच नजर खाशाबांच्या आड आली असे मला वाटते.

त्याचे कारण असे. आपल्या मातीच्या कुस्तीत मोठा मान असतो तो मोठ्या मल्लाला. फडातली शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती भारी वजनाच्या जोडीची असते. बॉक्सिंगमध्येही तसेच आहे. हेवीवेटचा जगज्जेता कोण हे सगळ्यांना माहीत असते, फ्लायवेटचा कोण हे फक्त बॉक्सरांना माहीत असते. खाशाबांची उंची साडेपाच फुटांच्या आतच होती आणि वजन पन्नास-पंचावन्न किलोच्या आसपास. फडाच्या हिशोबात असा मल्ल दुपारच्या कुस्त्यांत लढतो, संध्याकाळी नाही.

कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांनी कुस्तीसाठी नाव द्यायचे ठरवले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची अंगकाठी बघून नाव घ्यायला नकार दिला. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांनीही माझ्यासारखेच नुसते बघितले असेल. पण खाशाबा तिथून घरी गेले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि मला लढू द्या एवढेच मागितले. प्राचार्यांनी परवानगी दिली. मग त्यांनी आपल्यापेक्षा अंगाने मोठ्या आणि अनुभवी मुलांना पाडले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी मला विजयी ठरवा असे म्हटले नाही, मला संघात घ्या असेही म्हटले नाही. त्यांनी फक्त चाचणी मागितली. हीच गोष्ट त्यांना पुढे आणखी एकदा करावी लागली.

१९४८ मध्ये लंडनला ऑलिंपिक झाले. स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदाच तिथे गेला. खाशाबांची ५२ किलो वजनाच्या फ्लायवेट गटात निवड झाली. जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लंडनमध्ये त्यांच्यापुढे नवीच अडचण उभी राहिली. आयुष्यभर ते लाल मातीत लढले होते आणि तिथे कुस्ती मॅटवर होती. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. मातीत प्रतिस्पर्ध्याला चितपट करेपर्यंत कुस्ती चालते, मॅटवर वेळ ठरलेली असते आणि गुण मोजले जातात. आपल्याकडे मल्ल आधी खडाखडी करतो, समोरच्याचा अंदाज घेतो. तिथे अंदाज घेण्यात वेळ गेला तर गुणही जातात. बॉक्सिंग करणाऱ्यांना हे लगेच समजेल. सरावाच्या खोलीत चांगला लढणारा मुलगा रिंगणात घड्याळ चालू झाले की गडबडतो, तसेच हे.

तिथे रीस गार्डनर नावाच्या प्रशिक्षकांनी त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले. एवढ्या थोड्या तयारीवर खाशाबा सहावे आले. पहिल्या कुस्तीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मल्लाला काही मिनिटांतच हरवले तेव्हा प्रेक्षकांना आश्चर्य वाटले होते. पण नंतर इराणच्या मल्लाकडून ते हरले. इराणचे लोक मॅटवर तयार झालेले होते.

सहावा क्रमांक म्हणजे काय? कोणी म्हणेल, पदक नाही म्हणजे काहीच नाही. कोणी म्हणेल, पहिल्यांदा मॅटवर उतरून जगात सहावा म्हणजे फार मोठी गोष्ट. आकडा एकच, बघणाऱ्याच्या मनात त्याचे दोन अर्थ. देशात परत आल्यावर बहुतेकांनी पहिला अर्थ घेतला असावा, कारण पुढच्या चार वर्षांत त्यांच्या मागे कोणी मोठे उभे राहिल्याचे दिसत नाही. खाशाबांनी मात्र दुसरा अर्थ घेतला आणि तयारीला लागले. त्यांनी वजन वाढवले आणि वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेट गटात लढायचे ठरवले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता. प्रतिस्पर्ध्याला पकडीत घेऊन असा फेकायचा की तो सावरायच्या आत पाठीवर. हा मातीतलाच डाव, तो त्यांनी मॅटवर चालवून दाखवला.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंडमध्ये, हेलसिंकीला होते. त्याआधी मद्रासला निवडीच्या कुस्त्या झाल्या. तिथे खाशाबांना एक गुण कमी देण्यात आला आणि त्यांचे नाव मागे पडले. पंचांनी पक्षपात केला असे त्यांचे म्हणणे होते. अशा वेळी दोनच गोष्टी करता येतात. एक तर कुढत बसायचे, नाही तर पुन्हा लढायची संधी मागायची. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळांचे मोठे चाहते होते आणि त्यांना खाशाबांचे म्हणणे पटले. त्यांनी पुन्हा चाचणी घ्यायला लावली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला पाडले आणि हेलसिंकीच्या संघात जागा मिळवली. कॉलेजमध्ये जे घडले तेच इथे घडले. फरक इतकाच की तिथे एका कॉलेजची स्पर्धा होती आणि इथे देशाचा संघ.

लढतीआधी लोक किती ठामपणे चुकतात याचे बॉक्सिंगमधले एक प्रसिद्ध उदाहरण आहे. आमच्या बॉक्सिंगच्या खोलीत मुहम्मद अलींचे चित्र आहे, म्हणून ते इथे सांगतो. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीचला हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत होती. जगज्जेता सॉनी लिस्टन हा भयंकर ताकदीचा म्हणून प्रसिद्ध होता. त्याला आव्हान देणारा होता बावीस वर्षांचा कॅशियस क्ले, म्हणजेच पुढचे मुहम्मद अली. हा पोरगा फार बोलतो, हात खाली ठेवून लढतो, मार चुकवायला मागे झुकतो, असे जाणकार म्हणत. रिंगणाभोवती बसलेल्या ४६ वार्ताहरांपैकी ४३ जणांनी लिस्टन जिंकेल असे सांगितले होते. सातव्या फेरीची घंटा झाली तेव्हा लिस्टन आपल्या स्टुलावरून उठलाच नाही. ते वार्ताहर काही अडाणी नव्हते, त्यांचे आयुष्य बॉक्सिंग बघण्यात गेले होते. पण क्लेचे पाय किती चपळ आहेत हे बघण्याऐवजी त्याचे हात जिथे असायला हवेत तिथे नाहीत, एवढेच त्यांनी बघितले.

खाशाबांचे मात्र क्लेसारखे नव्हते. त्यांच्याबद्दल वाद घालायलाही फार लोक नव्हते. हेलसिंकीला जाणाऱ्या भारतीय संघात सगळ्यांचे डोळे हॉकीवर होते आणि ते बरोबरही होते, कारण हॉकीत आपण सुवर्णपदक आणतच होतो. कुस्तीतून पदक येईल ही आशा कोणी धरली नव्हती. आशा नव्हती म्हणून पैसाही नव्हता. निवड झाली, पण जायचा खर्च कोण देणार? सरकारी मदत वेळेवर पुरेशी मिळाली नाही. खाशाबा आणि त्यांचे लोक गावोगाव फिरले. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे दिले. यात्रेतल्या फडासाठी वर्गणी काढावी तशी एका ऑलिंपिकसाठी वर्गणी निघाली. तरीही रक्कम कमी पडत होती.

तेव्हा पुढे आले राजाराम कॉलेजचे प्राचार्य, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७,००० रुपये उभे केले. आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे.

मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि थोडा वेळ नुसताच बसलो. खर्डेकर सरांना निकाल माहीत नव्हता. खाशाबा पहिल्याच कुस्तीत हरले असते तर? लंडनहून ते पदकाशिवायच आले होते. लोक सरांना वेडा म्हणाले असते आणि घराचे हप्ते चालूच राहिले असते. म्हणजे त्यांनी पैसे लावले ते पदकावर नव्हते. या मुलाने केलेली मेहनत खरी आहे आणि त्याला लढायची संधी मिळालीच पाहिजे, यावर ते होते. क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघितली, निवडीच्या पंचांनी एक गुण बघितला आणि खर्डेकर सरांनी माणूस बघितला.

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्त्या सुरू झाल्या. खाशाबांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. आता समोर होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह. इशींबरोबरची कुस्ती फार लांबली आणि त्यात खाशाबा थोडक्यात हरले. हे इशी पुढे सुवर्णपदक जिंकले. महायुद्धानंतर जपानला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. म्हणजे खाशाबा कोणा लहानसहान माणसाशी झुंजले नव्हते.

त्यानंतरची हकीकत अशी सांगतात. दमलेल्या खाशाबांना लगेच मामेदबेकोव्ह यांच्याशी लढायला बोलावले गेले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती मागण्याचे काम संघाच्या अधिकाऱ्यांचे होते, पण त्या वेळी भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांची बाजू मांडायला कोणी नव्हते. ते तसेच उतरले आणि हरले.

तरीही कांस्यपदक त्यांचे होते. २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. देशभर त्याचा आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण एकट्याने लढून मिळवलेले ते कांस्य त्या आनंदात थोडे झाकले गेले.

झाकले गेले नाही ते फक्त त्यांच्या गावाकडे. खाशाबा परत आले तेव्हा त्यांच्या मिरवणुकीत १५१ बैलगाड्या होत्या. एरवी पंधरा मिनिटांत होणाऱ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले म्हणतात. माझे आजोबा त्याच गर्दीत त्यांच्या वडिलांच्या खांद्यावर होते. त्या गाड्या हाकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी आधी वर्गणी दिली असणार. म्हणून मला ती मिरवणूक नुसत्या जयजयकाराची वाटत नाही. ते लोक आपलेच पदक बघायला आले होते.

परत आल्यावर खाशाबांनी काय केले? सत्कार घेत बसले नाहीत. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, त्यातून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदक त्यांनी देशाला दिले, पण घर ज्याचे त्याला परत दिले. आपल्या शाळेत आपण मानाबद्दल आणि शब्द पाळण्याबद्दल पुष्कळ ऐकतो. माझ्या मते त्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खाकी गणवेशात त्यांनी २७ वर्षे नोकरी केली, पोलिसांच्या स्पर्धांत भाग घेतला, मुलांना कुस्ती शिकवली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, तोही पदकानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले ते १९९६ मध्ये, अटलांटाला, टेनिसमध्ये लिअँडर पेस यांच्याकडून. मधली चव्वेचाळीस वर्षे खाशाबा त्या यादीत एकटेच होते.

आता माझ्या यादीबद्दल.

मी आमच्या हाउसच्या ज्युनिअर बॉक्सिंग संघाचा कॅप्टन आहे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर आंतर-हाउस स्पर्धा असते आणि प्रत्येक वजनगटात एकच नाव द्यायचे असते. एका गटात दोन मुले होती. एक उंच, लांब हातांचा आणि माझ्याच डॉर्मिटरीतला. दुसरा वजनाने तितकाच, पण उंचीने चार बोटे कमी, हात आखूड. तो या वर्षीच आला होता आणि फारसा बोलायचा नाही. मी त्याला एकदा नीट बघितले, म्हणजे मला तसे वाटले, आणि नाव खोडले. त्याने मला विचारले की ट्रायल होणार का? मी सांगितले की वेळ नाही. वेळ होता. खरे कारण असे की मला ट्रायल घ्यायची नव्हती, कारण माझा मित्र निवडला जावा अशी माझी इच्छा होती. हे मी सुट्टीच्या आधी स्वतःशीही कबूल केले नव्हते.

बेळगोळहून शाळेत परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी हाउसमास्टर सरांना जाऊन सगळे सांगितले. नाव खोडल्याचे आणि का खोडले तेही. सर रागावतील असे वाटले होते. त्यांनी फक्त वेळ ठरवून दिली. दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासानंतर पीटी उस्तादांसमोर ट्रायल झाली. तीन फेऱ्या. पहिली माझ्या मित्राची होती. दुसऱ्या फेरीत तो लहान मुलगा लांब हातांच्या आत शिरला आणि मग बाहेर निघालाच नाही. तिसरी फेरी संपायच्या आधीच मला निकाल कळला होता, आणि या वेळी खरोखर बघून कळला होता. माझा मित्र माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. त्याचाही राग बरोबर होता, कारण मी त्याला आधी जागा देऊन मग काढून घेतली होती. आधीच ट्रायल घेतली असती तर दोघांवरही अन्याय झाला नसता.

तो मुलगा स्पर्धेत जिंकला असे लिहायला मला आवडले असते, पण तसे झाले नाही. पहिली लढत तो जिंकला आणि उपांत्य फेरीत गुणांवर हरला. त्याला हरवणारा मुलगा त्याच्यापेक्षा चांगला होता, यात काही शंका नाही. आजोबा म्हणाले तसे, बहुतेक वेळा मोठाच जिंकतो.

पण त्या दोन्ही लढतींत त्याच्या कोपऱ्यात मी होतो. टॉवेल, पाण्याची बाटली आणि स्टूल घेऊन. दोन फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात मी त्याला स्टुलावर बसवले, तोंडातला गार्ड काढून पाणी दिले आणि डावा हात खाली येतोय हे सांगितले. दुसऱ्या लढतीत त्याच्या हेडगार्डचा पट्टा सैल झाला होता, तो मी हात वर करून पंचांच्या लक्षात आणून दिला. त्यांनी लढत थांबवून तो बांधू दिला. एवढेसेच काम होते. हेलसिंकीला खाशाबांच्या जवळ एवढे करायला कोणी नव्हते, हे मला त्या वेळी आठवले.

लढतीनंतर ग्लोव्हज काढताना त्याने मला विचारले की पुढच्या वर्षी ट्रायल कधी असेल? मी पुढच्या वर्षी ज्युनिअर संघाचा कॅप्टन नसणार. पण जो होईल त्याच्याकडे मी यादीबरोबर ट्रायलची तारीखही लिहून देणार आहे.